स्कायलॅबचे म्हसवडचे मालक

बायको बघायला म्हणून मी म्हसवडला गेलो, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी मला आधी भर उन्हात अंगणात उभं केलं. मग गोठ्यात नेलं. मग एका खोलीत घालून दार लावून घेतलं आणि काळोखातून म्हणाले, "हां पाव्हणं, आता बोला."

"काय बोलू?"

"कायबी. नोकरीचं बोला."

मी बोललो. कुपवाडला कारखान्यात फोरमन आहे, राहायला सांगलीत, घरी मी आणि आई, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नेमकं 'व्यसन नाही' म्हणताना मला ठसका लागला. मग आवाज आला, "ह्या उजेडात जरा कमी पडताय."

आता मला सांगा, दार लावलेल्या खोलीत कसला आलाय उजेड? पण हे विचारायची सोय नव्हती. मला पुन्हा बाहेर काढून तांबड्या काचेच्या कंदिलापुढं बसवण्यात आलं. कपाळाला उपडा हात लावून ऊब बघण्यात आली. शेवटी त्यांनी लष्करातला एक जुना हेडफोन काढला, त्याची एक वाटी आपल्या कानाला लावली, दुसरी माझ्या छातीवर दाबली, आणि ओसरीकडं तोंड करून ओरडले, "खरखर न्हाई! पोरगं चालंल!"

आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाकडच्यांनी ऐटीत बसायचं, मुलीनं पोहे आणायचे, चालून दाखवायचं, आणि मुलीच्या बापानं हात जोडून दाराशी उभं राहायचं. इथं शालन, म्हणजे माझी आताची बायको, माझ्या आईसमोर निवांत पोहे खात बसली होती आणि चालून मी दाखवत होतो. परत येताना एस्टीत आई एवढंच म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. बाप तेवढा नजरेआड ठेवू." ते काही जमलं नाही.

सासऱ्यांचं नाव सुबराव. गावात हवालदार म्हणून ओळखायचे. उमेदीची सगळी वर्षं लष्करात वायरलेसच्या सेटवर काढली, पेन्शन घेऊन म्हसवडला आले. बायको कधीच वारलेली, पोटी ही एकच मुलगी. थोडी शेती, एक धाब्याचं घर, म्हणजे वर मातीचं सपाट छत. आता अशा माणसानं सकाळी शेतावर जावं, दुपारी पारावर बसून मिश्यांना पीळ भरत लढाईच्या थापा माराव्यात. गावाची काही हरकत नव्हती. पण नाही! ह्यांच्या डोक्यात किडा शिरला, आणि तोही थेट अमेरिकेतून आलेला.

शालन सांगते, ती शाळेत होती तेव्हा रेडिओवर बातमी आली की अमेरिकेनं आभाळात एक वेधशाळा सोडली, स्कायलॅब तिचं नाव. घराएवढी मोठी, आत माणसं राहतात, आणि तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणी सूर्याकडं नाना तऱ्हेच्या उजेडांत बघतात. ऐकून आबा, म्हणजे तिचे वडील, ताटावरून उठले ते धाब्यावर गेले आणि हात धुवायला म्हणून खाली आले नाहीत. त्या दिवसापासून स्कायलॅब ह्यांची झाली. उडवताना तिचा एक पंख मोडला, आत उकाडा व्हायला लागला, मग माणसांनी जाऊन तिच्यावर छत्रीसारखा आडोसा लावला. तेव्हा ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं म्हणे. बायको नसलेल्या घरात पोरगी भाकरी थापून वाट बघतेय, आणि हा बाप्या अमेरिकेच्या छत्रीची काळजी करतोय. काय म्हणावं!

मला तर ह्यांनी लग्नाच्या पहिल्याच दिवाळीत पकडलं. अंगाला तेल लावून पाटावर बसलेला जावई पळून जाऊ शकत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलेलं.

"पाव्हणं, डोळ्याला दिसतं ते निव्वळ साल. गर दुसऱ्या उजेडात दिसतो."

"असं का."

"आवं, उजेडाच्या लय जाती. एक आपल्याला दिसतो. एक दिसत न्हाई पर चटका देतो. एक हाडापतूर जातो, दवाखान्यात फोटू काढत्यात त्यो. एक रेडिओत गातो. सगळी सख्खी भावंडं! पर आपली ही हवा हाय नव्हं, ती दारात बसल्याली सासू. एकाला आत घेती, चौघांस्नी भाईरनंच वाटं लावती. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यायला लागती."

"मामा, पाणी गार होतंय."

"सूर्याचंच घ्या. आपल्या उजेडात बघितला तर तांब्याची परात. त्या हाडाच्या उजेडात बघितला तर नुसता कढ यतोय, बुडबुडं फुटत्यात. एकच सूर्य, पर दर उजेडात निराळा. मग खरा कुठला?"

"कुठला?"

"सगळं मिळून एक!" असं म्हणून त्यांनी तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. पाणी गारच झालं होतं.

धाब्यावर त्यांनी स्वतःची वेधशाळा उभी केली होती. वेधशाळा म्हणजे काय, तर एक मोडकी खाट, काजळी धरलेली काच, तांबडी काच, औषधाच्या निळ्या बाटलीचा तुकडा, ताप बघायची नळी, तो हेडफोन, आणि एका जुन्या रेडिओपासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणलेली तार. त्या तारेवर शालन कुरडया वाळत घालायची, एवढाच तिचा उपयोग. मामा सकाळपासून तिथं बसून काचा बदलत सूर्याकडं बघायचे आणि हेडफोनमधली खरखर ऐकायचे. "काय ऐकू येतंय?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ह्यातली जरा खरखर सूर्याची, बाकीची म्हसवडची. कुठली कुठली, ते अजून कळंना."

घरात बसून काचा बदलल्या असत्या तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण ह्यांनी ते बाजारात आणलं. 'उजेड बदला!' हे त्यांचं पालुपद. वांगं घ्यायचं तर आधी उन्हात, मग छत्रीखाली, मग कानापाशी नेऊन टिचकी. भाजीवाल्या बायका ह्यांना लांबून बघितलं की पाटी झाकायच्या. एकदा शेळी घ्यायला गेले. विकणारा धनगर म्हातारा, पिढ्यान्पिढ्या शेरडंमेंढरं राखलेला. त्याच्यादेखत शेळीच्या पोटाला हेडफोन लावला, कानाला हात लावून ऊब बघितली, तांबडी काच धरून डोळे बघितले. म्हातारा म्हणाला, "हवालदार, शेळी घेताय का लगीन लावताय?" मामांनी तिकडं लक्ष दिलं नाही. चार उजेडांत पास झालेली ती शेळी वाजतगाजत घरी आणली. दूध काढायला बसल्यावर कळलं, ती भाकड. दूध निघतं का, हे सोडून सगळं बघून झालेलं. मी पोट धरधरून हसलो, तर म्हणाले, "सवभाव चांगला हाय तिचा." मरेपर्यंत सांभाळली तिला.

आणखी एक गोष्ट शालननं सांगितली, ती ऐकून मात्र मी कपाळाला हात लावला. स्कायलॅबमधली माणसं काम उरकून खाली परत आली आणि ती रिकामीच वर फिरत राहिली, तेव्हा गावातल्या कुणीतरी ह्यांना डिवचलं, "काय हवालदार, घर मोकळं पडलं की तुमचं!" ह्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "पोरं गेली की घर मोकळं पडतंयच गड्या. पर पाडत न्हाई कुणी." अमेरिकेचं सामान, आणि दुःख ह्यांना!

तर अशा माणसाकडं माझी बायको पहिल्या बाळंतपणाला पाठवायची की नाही, हा प्रश्न आमच्या घरी उभा राहिला. आईनं तो एका वाक्यात मिटवला. "बाळंतपण हितंच. त्या घरात बाईमाणूस न्हाई, आन् बाप्या माणूस हाय तो माणसात न्हाई." माझंही मत तेच होतं. शालन दोन दिवस जेवली नाही, एवढंच.

मग एके दिवशी मामा स्वतः सांगलीला आले. आमच्या खोलीत सतरंजीच्या कडेला बसले. टोपी हातात. चहाची कपबशीसुद्धा कुठल्या उजेडात बघितली नाही, तेव्हाच मला संशय आला.

आईला म्हणाले, "आवं, पैलं बाळंतपण माहेरी असतंय."

"असतंय. पर माहेर म्हंजी कोण तरी बाई लागती."

"माझी चुलत भैन येऊन ऱ्हाणार हाय. नर्सबाईला सांगून ठेवलंय. तिचं माहेर म्हंजी मी एकटाच हाय. मला न्हाई धरलं तर तिला माहेरच न्हाई. तेवढं एक करू द्या मला."

आई कडक बाई, पण माहेर ह्या शब्दापुढं कुठलीही बाई जरा ढिली होते. तिनं अट घातली. काचा, तारा, उजेडबिजेड सगळं बंद. पोरीला कसलाही खुळचटपणा करायला लावायचा नाही. "एक जरी गोष्ट कानावर आली, तर उचलून घेऊन यीन. पुन्हा माहेर म्हणून नाव काढायचं न्हाई."

"शप्पत," मामा म्हणाले, आणि शालनला घेऊन गेले. जाताना तिची पेटी स्वतः डोक्यावर घेतली, हमालाला हात लावू दिला नाही.

शब्द त्यांनी पाळला असता. पण नेमकी त्याच वेळी स्कायलॅब पडायला निघाली!

ज्यांना त्या दिवसांची आठवण असेल त्यांना सांगायला नको. एकोणऐंशी सालचा आषाढ. रेडिओवर रोज तेच, पेपरात रोज तेच. कुठं पडेल सांगता येत नाही, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर माणसं घाबरायची थोडीच राहतात! कुपवाडला आमचे कामगार मशीन सोडून वर बघत उभे राहायला लागले. खेड्यापाड्यांत लोकांनी कोंबडी कापून खाऊन घेतली, मागं राहायला नकोत म्हणून. आणि म्हसवडात तर काय, आमच्या मामांची पोतीभर चेष्टा. "हवालदार, तुमच्या घरचं माणूस पडतंय की आमच्यावर! आवरा त्येला!"

आईनं मला समोर बसवलं. "जा आन् पोरीला घेऊन ये. त्यो तिला धाब्यावर बसवून काचंतनं स्कायलॅब दाखवत असंल."

मला ते अगदी पटलं. रजा टाकली, विट्याची एस्टी धरली, पुढं आटपाडीवरून म्हसवड. मामांना काय काय सुनवायचं ते वाटेत घोकून ठेवलं. मनात म्हटलं, ह्या माणसाचा एकदा निकाल लावायचाच.

घरी पोचलो तो दुपार कलली होती. दाराला जाड घोंगडं टांगलेलं. आत अंधार. शालन खाटेवर पाय लांब करून बसलेली, नववा लागलेला, तोंड रडवेलं आणि हसरं दोन्ही.

"हे काय?"

"आबांनी सांगितलंय. आभाळाखाली यायचं न्हाई. इळीला हात लावायचा न्हाई, सुईदोरा धरायचा न्हाई. पाय मुडपायचं न्हाईत."

पाण्याच्या हंड्यावर तुळशीचं पान. कोपऱ्यात समई लावलेली, चुलीपाशी मामांची चुलत बहीण. मी बघतच राहिलो. अहो, हे ग्रहण पाळणं चाललं होतं! पोटुशी बाईनं ग्रहणात जे जे पाळायचं, ते ते सगळं, फक्त सूर्याचं किंवा चंद्राचं नव्हे, अमेरिकेच्या वेधशाळेचं. आणि हे कुणी करावं? मागच्या ग्रहणाला सगळं गाव दारं लावून बसलेलं असताना जो धाब्यावर काजळीची काच घेऊन, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, कांदाभाकरी खात बसला होता, त्यानं! बायकांना ओरडून सांगत होता म्हणे, "आवं सावली हाय ती, सावलीला काय भिताय!" आता गेलं कुठं ते शास्त्र?

"कुठं आहेत?"

शालननं बोट वर केलं.

मी शिडीनं धाब्यावर गेलो. काचा, तार, रेडिओ, सगळं एका कडेला पोत्याखाली झाकलेलं. दिलेला शब्द तेवढा पाळला होता. धाब्यावर घरातल्या सगळ्या वाकळा, गोधड्या, कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, आणि त्या ढिगावर मामा मांडी घालून बसलेले. वारा सुटलेला, टोपी कानापर्यंत ओढलेली. मी अंदाज घेतला. बरोबर शालनच्या खाटेच्या वर.

"मामा, खाली या."

"तुमी आलासा. बरं झालं."

"बरं काय? सगळं गाव हसतंय. तुम्ही एवढं शास्त्र सांगणारे, आणि पोरीला ग्रहण पाळायला लावता?"

"मग काय करायला लावू?" ते म्हणाले. "रेडिओवाला म्हणतोय, भिऊ नका. भिऊ नका म्हंजी करायचं काय, ते सांगंना. पोटुशीला वरनं काय धोका असंल तर काय करायचं, आपल्यात एवढंच ठरल्यालं हाय. दुसरं कुणी सांगितलंच न्हाई मला."

"आणि हे इथं बसणं? घराएवढं धूड आहे ते. पडलं तर तुमच्यासकट खाली जाईल. काय झेलणार आहात का तुम्ही?"

"झेलत न्हाई."

"मग?"

"मग खाली बसून काय करू? वर तरी बसतो."

मी आणखी चिडलो. म्हटलं, पुरे झालं, मी शालनला न्यायला आलोय, आईनं सांगितलंय. मला वाटलं, हातापाया पडतील.

"पेटी भरलीया मी तिची," ते म्हणाले. "तुमच्या खोलीवर शिमिटाचा स्लॅब हाय. ही आमची माती. न्या तिला. आईला सांगा, हवालदारानं शब्द मोडला. तसंच सांगा."

मी त्यांच्याकडं बघितलं. सतरंजीच्या कडेला बसून ह्याच माणसानं हे बाळंतपण मागून घेतलं होतं.

ते आपल्याशीच बोलल्यासारखे बोलायला लागले. "शालनची आई बाळंतपणातच गेली, पाव्हणं. दुसऱ्या खेपंला. मी तवा सरहद्दीवर, सेटवर. कानाला हेडफोन. लय लांबलांबचं ऐकू यायचं. कुठल्या मुलखातली माणसं, बोली कळायची न्हाई, पर मधीच कोण खोकलं तर त्येबी यायचं कानात. आन् हितं ती दिवसभर माझ्या नावानं वरडत हुती म्हणं. त्यातलं एक अक्षर आलं न्हाई मला."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. मी माझ्या नेहमीच्या भाषेत ओरडलो, "मामा, तुम्हाला काही अक्कल आहे का? नववा लागलेल्या बाईला त्या रस्त्यानं एस्टीत घालून नेऊ? गप बसा. बाळंतपण इथंच व्हायचं."

ते म्हणाले, "मग तुमी खाली तिच्यापाशी बसा. मी हाय वर."

उतरले ते नाहीतच. बाळंतपण तिथंच झालं, पुढं थोड्याच दिवसांत, मुलगी, दोघी सुखरूप. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं ते बारशाला सुरू केलं. पण ते राहू द्या. मला सांगायचंय ते मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

शेजारच्या घरातला रेडिओ एकदम मोठा झाला. स्कायलॅब पडली. लांब कुठं समुद्रात आणि परमुलखातल्या ओसाड रानात, माणसाला कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गल्लीत आरडाओरडा, हशा, कोंबडी कापलेल्यांच्या नावानं शिव्या. मी अंगणात येऊन वर हाक मारली, "मामा! पडली! समुद्रात पडली! या खाली!"

ते शिडीनं उतरले. पाय आखडलेले, एकेक पायरी धरत. आपली एवढी लाडकी वेधशाळा कशी पडली, कुठं पडली, एक शब्द विचारला नाही. दाराशी गेले. घोंगडं बाजूला सारलं नाही. तसेच बाहेर उभे राहून म्हणाले,

"शालन."

"जी आबा."

"बरी हाईस?"

"बरी हाय."

"मोठ्यानं बोल."

"बरी हाय, आबा!"

"आनि एकदा."

"बरी हाय!" ती आतून अशी ओरडली की गल्लीतली माणसं बोलायची थांबली.

मामा उंबऱ्यावर खाली बसले, टोपी तोंडावर धरली आणि रडायला लागले. आणि आत शालन न थांबता ओरडत होती, "बरी हाय आबा, मी बरी हाय."